चाळीस दिवस, एक चूल

वाचकाचं पत्र

"माझ्या सासूबाईंचा जन्म १९४८ चा. बारा वर्षांपासून मधुमेह आहे, सकाळ-संध्याकाळ गोळ्या चालू आहेत. तरीही उपवासकाळात, म्हणजे राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतच्या चाळीस दिवसांत, त्या दिवसातून एकदाच जेवतात, तेही दुपारी दोनला. रविवारी सकाळी सातच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जायचं असतं म्हणून शनिवारी मध्यरात्रीनंतर पाण्याचा घोटही घेत नाहीत. गेल्या उपवासकाळात चर्चच्या पायरीवर त्यांना घेरी आली, अंगाला दरदरून घाम सुटला. काही बोललं की एकच उत्तर मिळतं, 'उपवास मोडला तर पाप लागेल.' नवरा ४६ वर्षांचा. तो चाळीस दिवस मांसाला आणि दारूला शिवत नाही आणि ईस्टरच्या रात्री सगळी कसर भरून काढतो. मुलगी पंधरा वर्षांची. ती म्हणते, मी फोन सोडते, मटण सोडणार नाही. धाकटा दहा वर्षांचा, त्याला आजीसारखाच उपवास करायचा आहे. त्यात दिराच्या मुलीचा साखरपुडा २०२७ च्या १९ मार्चला, म्हणजे उपवासकाळातल्या शुक्रवारी ठरतो आहे. घरात चूल एकच आणि ती माझ्याकडे. चर्चचा खरा नियम काय आहे? आणि हे सगळं एका स्वयंपाकात कसं बसवू?
– वसईतली एक सून"

उत्तर

ताई, पत्रात पाच जणांचे पाच प्रश्न आहेत, पण निकड एकाच प्रश्नाची आहे. म्हणून आधी सासूबाई.

पायरीवर घेरी आणि दरदरून घाम, तेही मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना आणि रात्रभर पोटात काही नसताना. ही रक्तातली साखर उतरल्याची लक्षणं असू शकतात. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या शरीराला इन्सुलिन सोडायला लावतात. तुम्ही जेवलात की नाही, हे त्या गोळीला कळत नाही. गोळी पोटात आणि जेवण दुपारी दोनला, या मधल्या तासांत साखर ७० च्या खाली जाऊ शकते. आदल्या रात्रीची गोळी आणि पहाटेपर्यंत पाणीही नाही, यातही तोच धोका. शिवाय उपवासकाळ फेब्रुवारी ते एप्रिलदरम्यान येतो, वसईत तेव्हा ऊन चढायला लागलेलं असतं आणि पाणी न पिता थकवा दुप्पट जाणवतो.

२०२७ मध्ये राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला आहे. त्याच्या किमान तीन आठवडे आधी, म्हणजे जानेवारीच्या मध्यापर्यंत, सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून त्यांच्या डॉक्टरांकडे जा आणि सांगा, "आई चाळीस दिवस असं असं खातात." डॉक्टरांना 'थोडा उपवास करतात' एवढंच सांगितलं तर त्यांच्या डोळ्यांसमोर साबुदाणा आणि केळी येतात. त्यांना वेळा सांगा. गोळी घरच्या घरी बंद करू नका, अर्धीही करू नका. साखर मोजायचं यंत्र घरात नसेल तर आणा. घाम, हाताला कंप, बोलण्यात गोंधळ असं काही दिसलं की लगेच मोजा. ७० पेक्षा कमी आली तर तीन-चार चहाचे चमचे साखर अर्धा पेला पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, चढली नसेल तर तेवढंच पुन्हा द्या आणि मग जेवायला वाढा. यंत्र हाताशी नसेल तर मोजण्यासाठी थांबू नका, साखर द्या. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा. ती साखर औषध आहे, आणि औषधाने उपवास मोडत नाही. हे वाक्य त्यांना आधीच सांगून ठेवा, कारण नेमक्या वेळी त्या पेला दूर सारतील.

आता नियम. गोंधळाचं एक मूळ आपल्या भाषेत आहे. मराठीत 'उपवास' म्हटलं की काय खायचं आणि काय नाही, हे आधी मनात येतं. भात नको, वरई चालेल, शेंगदाणे चालतील. चर्च मात्र दोन वेगळ्या गोष्टी सांगतं. एक उपवास, म्हणजे किती खायचं. दुसरी मांसवर्ज्य, म्हणजे काय खायचं नाही. आपल्या घरांत या दोन्ही एकाच पातेल्यात शिजल्या आणि त्यात गावाचा रिवाज पडला. मग कुणाला काय लागू आहे, ते वेगळं करून पाहणं राहूनच गेलं.

१९८३ पासून लागू असलेल्या धर्मसंहितेप्रमाणे, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याप्रमाणे, उपवासाचे सक्तीचे दिवस वर्षात दोनच आहेत. राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे). त्या दिवशी एकदा पोटभर जेवायचं आणि सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं खायचं. साधारण शिकवलं जाणारं माप असं की ते दोन थोडे घास मिळूनही एक पूर्ण जेवण होऊ नये. पाणी आणि चहा यात मोजत नाहीत. ही सक्ती वयाची १८ वर्षं पूर्ण झालेल्यांना आहे आणि साठावं वर्ष लागलं की संपते, म्हणजे ५९ वा वाढदिवस झाला की सुटका. मांसवर्ज्य शुक्रवारी आणि राखेच्या बुधवारी असतं. ते १४ वर्षं पूर्ण झाल्यापासून लागू होतं आणि त्याला वरची वयोमर्यादा नाही. यात मांस म्हणजे मटण, कोंबडी, डुक्कर, बदक वगैरे. मासे, कोळंबी, अंडी, दूध चालतं. शुक्रवार खरं तर वर्षभराचे आहेत. त्याऐवजी दुसरं एखादं प्रायश्चित्त ठरवून देण्याचा अधिकार प्रत्येक देशाच्या बिशप परिषदेला आहे, म्हणून राखेच्या बुधवारआधीच्या रविवारी चर्चमध्ये वाचलं जाणारं बिशपांचं परिपत्रक नीट ऐका, नाहीतर कार्यालयातून त्याची प्रत मागून घ्या. उपवासकाळातले शुक्रवार मात्र सैल समजू नका.

म्हणजे सासूबाईंना उपवासाची सक्ती २००७ सालीच संपली. मांसवर्ज्य त्या पाळतातच आणि त्यात त्यांच्या तब्येतीला काही धोका नाही.

पण "आई, नियम संपलाय" असं त्यांना सांगायला जाऊ नका. त्या जे करतात ते कुठून आलं, ते आधी समजून घ्या. त्या उगाच हट्ट करत नाहीत. १९१७ च्या जुन्या धर्मसंहितेत उपवासकाळातला रविवार सोडून प्रत्येक दिवस उपवासाचा होता आणि शुक्रवार-शनिवारी मांसही वर्ज्य होतं. मांसाचा रस्सासुद्धा चालत नसे. प्रभुभोजन, म्हणजे मिस्सात मिळणारी पवित्र भाकर, घ्यायचं तर मध्यरात्रीपासून काही खायचं नाही, पाणीही प्यायचं नाही, असा दंडक होता. जुन्या काळी मिस्सा पहाटे असायची आणि उन्हं चढल्यावरच्या मिस्सात प्रभुभोजन घेणारे थोडे असायचे, त्याचं एक कारण हेच. पोप बारावे पायस यांनी जानेवारी १९५३ मध्ये पाण्याला मोकळीक दिली. मार्च १९५७ मध्ये मध्यरात्रीची अट काढून तीन तासांची केली. पोप सहावे पॉल यांनी नोव्हेंबर १९६४ मध्ये ती एका तासावर आणली. फेब्रुवारी १९६६ मध्ये चाळीस दिवसांच्या उपवासाची सक्ती गेली आणि दोनच दिवस उरले.

आता सासूबाईंचं वय या सालांशेजारी मांडून पाहा. सात-आठ वर्षांच्या असताना त्यांनी पहिलं प्रभुभोजन घेतलं असेल, म्हणजे साधारण १९५५-५६. तेव्हा मध्यरात्रीचा नियम खराच होता. पाणी चालत होतं, पण ज्या आईने त्यांना तयार केलं तिची सगळी हयात कोरड्या घशाने मिस्साला जाण्यात गेली होती. लहानपणी मनात बसलेली ती भीती त्यांनी आजवर निष्ठेने जपली आहे. चाळीस दिवसांच्या उपवासाची गोष्ट आणखी निराळी. जुन्या नियमात उपवासाची सक्ती २१ वर्षं पूर्ण झाल्यावर सुरू होत असे. सासूबाईंना २१ पूर्ण झाली १९६९ मध्ये आणि जुना नियम गेला १९६६ मध्ये. म्हणजे चाळीस दिवसांचा तो उपवास कायद्याने त्यांच्यावर एक दिवससुद्धा नव्हता. त्यांनी तो आईचं पाहून, घराची रीत म्हणून, देवावरच्या प्रेमापोटी अंगावर घेतला. माझ्या मते हे त्यांना जरूर सांगावं, आणि मोठ्या आदराने सांगावं: "तुमच्याकडे कुणी मागितलं नव्हतं तेही तुम्ही दिलंत." नियम बदलला असं ऐकलं की म्हाताऱ्या माणसाला आपलं आयुष्य चुकीचं ठरल्यासारखं वाटतं. हे ऐकून तसं वाटणार नाही.

यानंतर एकच प्रश्न विचारायचा आहे आणि तो तुम्ही विचारण्यापेक्षा त्यांच्या लेकाने किंवा जवळच्या बहिणीने विचारलेला बरा: "यामागे एखादा नवस आहे का?" पुष्कळदा असतो. मूल आजारी होतं, नवऱ्याची नोकरी गेली होती, होडी परत येत नव्हती, तेव्हा देवाला दिलेला शब्द असतो आणि घरात कुणाला त्याचा पत्ता नसतो. नुसती सवय किंवा मनाशी केलेला निश्चय म्हणजे नवस नव्हे. समजून-उमजून, स्वखुशीने देवाला दिलेलं वचन म्हणजे नवस. तसं असेल तर 'पाप लागेल' या त्यांच्या म्हणण्याला अर्थ आहे आणि ते झटकून चालणार नाही.

पण त्यालाही चर्चने वाट ठेवली आहे. वैयक्तिक नवसातून मोकळं करण्याचा अधिकार धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) प्रमुख धर्मगुरूंना आहे. योग्य कारण मात्र हवं, आणि मधुमेह व चर्चच्या पायरीवर आलेली घेरी हे पुरेसं कारण आहे. पाहुणे म्हणून आलेल्या किंवा ओळखीच्या कुठल्याही फादरांकडे न जाता आपल्या धर्मग्रामाच्या प्रमुखांकडेच जा. दुसरी गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. ज्याने नवस केला तो स्वतःच तो तेवढ्याच किंवा त्याहून चांगल्या कामात बदलू शकतो, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. म्हणजे "चाळीस दिवस एकदाच जेवेन" याच्या जागी "चाळीस दिवस रोज अंथरुणाला खिळलेल्या एका शेजारणीकडे जाऊन तिच्यासोबत जपमाळ म्हणेन" असं त्या स्वतः ठरवू शकतात. तरीही फादरांसमोर बोललेलं बरं, नाहीतर अर्ध्या उपवासकाळात शंका डोकं वर काढते.

नवस नसेल तरी फादरांकडे जाच. रविवारी मिस्सा संपल्यावर दारात गाठू नका, तिथे दोन मिनिटांत "हो, हो, खा आजी" एवढंच होतं आणि आजीला ते पुरत नाही. आठवड्यात कार्यालयाच्या वेळेत जा, डॉक्टरांचा कागद सोबत ठेवा. फादरांना फोन करून आधी परिस्थिती सांगितलीत तर चालेल, पण सासूबाईंच्या पाठीमागे ठरवून त्यांना तिथे नेऊन बसवलं असं होऊ देऊ नका. हे त्या पापनिवेदनाच्या वेळी विचारतील असं त्यांनी स्वतः ठरवलं तर तो त्यांचा विषय, तिथे तुम्ही शब्द घालू नका. फादरांकडून दोन वाक्यं स्पष्ट ऐकायला मिळावीत: तुम्ही बांधील नाही, आणि शरीराला इजा होईल असा उपवास देवाला नको आहे.

रविवारचं मात्र आजच बदलता येईल. एक तासाचा नियम मिस्सा सुरू होण्यापासून मोजत नाहीत, प्रभुभोजन घेण्याच्या क्षणापासून मागे मोजतात. सातची मिस्सा, पावणेआठच्या सुमारास प्रभुभोजन, म्हणजे पावणेसातपर्यंत खाता येतं. सहाला उठून गोळी, सव्वासहाला अर्धी भाकरी आणि अंडं, मग चर्च. पाणी आणि औषध कधीही चालतं. वृद्ध आणि आजारी माणसांना, आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांनाही, हा एका तासाचा नियमसुद्धा लागू नाही. ही सूट तुम्हालाही आहे, ताई. पहाटे त्यांचं आवरता आवरता तुमचा चहा उशिरा झाला तर प्रभुभोजन सोडू नका.

आणखी एक. राखेच्या बुधवारपासून पुण्य शनिवारपर्यंत, म्हणजे ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत, दिवस मोजले तर ४६ भरतात. त्यातले सहा रविवार वजा केले की चाळीस उरतात. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, तो उपवासात कधीच धरला गेला नाही, जुन्या कडक काळातही नाही. सासूबाई जुनं ते खरं मानतात ना, तर हे त्यांच्या आजीच्या काळाइतकंच जुनं आहे. बाकी काही ऐकलं नाही तरी रविवारी तीन वेळा जेवायला याच गोष्टीने त्यांचं मन वळेल.

आता ताटात काय. उपवासाच्या नावाखाली आपल्याकडे पेज आणि लोणचं येतं. साधं आणि गरिबीचं म्हणून ते छान, पण मऊ शिजलेल्या भाताची पेज साखर झटकन चढवते, थोड्या वेळाने उतरवतेही, आणि तिच्यात प्रथिनं जवळपास नाहीत. सासूबाई मासेही सोडत असतील तर त्यांची जागा भरायला हवी. वाल, मूग, चवळी, ताक, अंडं. तीन वेळचं जेवण आणि मध्ये दोनदा थोडं खाणं, ही डॉक्टर सांगतील ती घडी मोडू नका. त्याग चवीचा होऊ दे. आवडता मासा नाही, लोणचं नाही, दुपारची मालिका नाही. पोट रिकामं ठेवून जे साधायचं असतं ते आवडीवर पाणी सोडूनही साधतं, आणि कुणाला कळतही नाही. मत्तयच्या सहाव्या अध्यायात प्रभूने उपवासाबद्दल हेच सांगितलं आहे: चेहरा उतरलेला दिसू देऊ नका.

पण नुसतं काढून घेऊ नका, त्यांच्या हातात काहीतरी द्या. जिने साठ वर्षं उपवास केला तिला "आता आराम करा" म्हणणं क्रूर आहे. शुक्रवारी चर्चपर्यंत जाणं जमत नसेल तर क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेची चौदा स्थानं घरी त्यांच्या पुढाकाराने म्हणा, अर्ध्या तासात होतात. दुसरी सूचना जरा जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि त्यांचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यातल्याच राशोलला छापलं गेलं. दहा हजारांहून अधिक ओव्या आहेत. नव्या ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणं सुटली होती, मिस्सा लॅटिनमध्ये होती आणि कानाला ओवीची ओढ होती. ती पोकळी ओळखून त्यांनी हे लिहिलं. दुसऱ्या पुराणात प्रभूचं जीवन आणि दुःखसहन येतं. देवनागरीत छापलेली प्रत मिळवा आणि रोज संध्याकाळी वीस-पंचवीस ओव्या मोठ्याने वाचा. काही शब्द अडतील. अडले तर थांबा, सासूबाईंना विचारा. जुन्या बोलीतला एखादा शब्द तुमच्याआधी त्यांना कळेल, तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे बघा. उपवासकाळातली जुनी गाणी, प्रार्थना त्यांना तोंडपाठ असतील तर तीही याच चाळीस दिवसांत फोनवर रेकॉर्ड करून घ्या. पंखा बंद, फोन टेबलावर, एका वेळी एकच गाणं, आणि गाण्याआधी त्यांनीच सांगायचं की हे कुणाकडून शिकल्या. मधुमेहाच्या पेशंटला हे काम दमवत नाही, आणि त्यांच्याशिवाय दुसरं कुणी ते करूही शकणार नाही.

तुमच्या यजमानांबद्दल. ४६ वर्षांच्या निरोगी माणसाला दोन्ही नियम लागू आहेत. राखेच्या बुधवारी आणि उत्तम शुक्रवारी उपवास, शुक्रवारी मांसवर्ज्य. बाकीचे दिवस मांस सोडणं ही त्यांची स्वतःची भर आहे आणि ती चांगली आहे. काळजी ईस्टरच्या रात्रीची आहे. चाळीस दिवस कोरडे गेल्यावर शरीराची दारू सोसण्याची ताकद घटलेली असते. पूर्वीच्या मापाने एका रात्रीत प्यायली तर ती जास्त चढते आणि मग गाडीची किल्ली हातात देऊ नये. उलट बाजूही सांगते. माणूस रोज आणि भरपूर पीत असेल आणि राखेच्या बुधवारी एकदम थांबला, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, झोप न येणं, क्वचित झटके येणं असं होऊ शकतं. तसं कधी दिसलं असेल तर उपवासकाळाच्या आधी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय एकदम सोडू देऊ नका. दिसलं नसेल तर एक छोटा उपाय करा. दारूचे आणि मटणाचे वाचलेले पैसे रोज रात्री एका डब्यात टाकायला लावा, त्यांनीच, त्यांच्या हाताने. पुण्य शनिवारी डबा उघडून ते पैसे चर्चच्या उपवासकाळाच्या निधीत किंवा गावातल्या एखाद्या गरजू घरी द्यायचे. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात देव म्हणतो, मला हवा असलेला उपवास म्हणजे भुकेल्याला भाकरी वाटून देणं. डबा रिकामा करायला मुलांना सोबत घेऊन गेले तर त्या रात्री घरी परत येऊन बाटली उघडणं अवघड जातं. आणि चाळीस दिवस थांबता येतं, तर एक्केचाळीसाव्या दिवसाबद्दल त्यांच्याशी बोलायला हरकत नाही. भांडण म्हणून नाही, ईस्टरनंतरच्या आठवड्यात शांतपणे.

मुलगी १४ ची झाली आहे, म्हणजे शुक्रवारचं मांसवर्ज्य तिच्यावर बंधनकारक आहे. उपवास मात्र अजून तीन वर्षं नाही. फोन सोडण्याचा तिचा विचार मनापासूनचा असेल तर तो जरूर घ्या, पण मटणाच्या जागी नाही, मटणासोबत. दोन्हींत फरक काय, तेही तिला सांगा. फोनचा त्याग तिने स्वतः निवडला. शुक्रवारचं मांस सगळं चर्च एकत्र सोडतं, तिच्या आजीपासून अनोळखी देशातल्या माणसापर्यंत. निवडलेलं आपल्या मर्जीचं असतं, सोबतीने पाळलेलं आपल्याला मर्जीबाहेर नेतं. पंधराव्या वर्षी हे पटतं, नीट सांगितलं तर. आणि 'फोन सोडते' हे मोघम ठेवू नका, चौथ्या दिवशी मोडेल. रात्री नऊ ते सकाळी सात फोन स्वयंपाकघरातल्या खणात, अभ्यासासाठी लागला तर बैठकीत सगळ्यांसमोर. एवढं पुरे. चुकून एखाद्या शुक्रवारी मैत्रिणीकडे चिकन रोल खाल्ला आणि मग आठवलं, तर ते पाप नाही. नियम धाब्यावर बसवायचा म्हणून मुद्दाम खाणं वेगळं.

धाकट्याला कुठलाच नियम नाही, पण प्रायश्चित्ताचा अर्थ मुलांना शिकवणं हे आईवडिलांचं काम आहे असं धर्मसंहिताच सांगते. त्याला उपाशी ठेवू नका. वाढत्या मुलाचं जेवण कमी करायचं नाही. शुक्रवारी बिस्किटं किंवा चॉकलेट नाही, आणि त्याचे दहा रुपये बाबांच्या डब्यात. आजीला संध्याकाळची गोळी आणि पाणी नेऊन देणं हेही त्याचंच काम. आजीसारखं काहीतरी करायचं आहे ना, मग आजीसाठी करू दे.

आता साखरपुडा. इथे तुम्हाला अनपेक्षित दिलासा आहे. १९ मार्च हा संत जोसेफचा महोत्सव, म्हणजे चर्चच्या सणांतला सगळ्यात वरच्या दर्जाचा सण. शुक्रवारी महोत्सवाचा दर्जा असलेला सण आला तर त्या दिवशी मांसवर्ज्य लागू होत नाही, असं धर्मसंहितेत स्पष्ट आहे. म्हणजे २०२७ च्या त्या शुक्रवारी मटण वाढलं तर कुणाचाही नियम मोडत नाही. तरीही मी सुचवेन की पंगतीत मासळी ठेवा. पाहुण्यांपैकी अर्ध्यांना हा बारकावा माहीत नसेल, प्रत्येकाला समजावत बसावं लागेल, आणि सासूबाईंसारख्या दहा जणी पानावर बसून हात आखडतील. दोनच दिवसांनी झावळ्यांचा रविवार (पाम संडे) आहे, पुढच्या शुक्रवारी उत्तम शुक्रवार. बँड-डीजे नको, संध्याकाळची क्रुसाची वाट संपल्यावर कार्यक्रम सुरू करा. जोसेफ म्हणजे पवित्र कुटुंबाचा सांभाळ करणारा, साखरपुड्याला याहून चांगला दिवस शोधून सापडणार नाही. लग्न मात्र ईस्टरनंतरच ठेवा. उपवासकाळात लग्नाला आज पूर्ण बंदी नसली तरी गावाची रीत लग्नं त्यानंतरच लावण्याची आहे, आणि ती रीत मोडण्यात काही मिळत नाही.

राहिली तुमची चूल. तिच्यावर पाच वेगळे स्वयंपाक शिजवायचे नाहीत. उपवासकाळात घरात एकच शाकाहारी किंवा मासळीचा स्वयंपाक करा: वाल किंवा मुगाचं काहीतरी, एक भाजी, भात-भाकरी. सासूबाईंच्या पानात भात कमी आणि डाळ-भाजी जास्त, धाकट्याच्या पानात अंडं जास्त, नवऱ्याच्या पानात त्या दोन दिवशी फक्त दुपारचं पूर्ण. फरक पानात करा, पातेल्यात नको. मांस घरात आणायचंच तर रविवारी. त्या दिवशी उपवास नाही, आणि सासूबाईंनी पानावर नको म्हटलं तरी त्यांना आग्रह करू नका.

राखेच्या बुधवारी राख संध्याकाळच्या मिस्सातही लावतात. त्या दिवशी सकाळी सासूबाईंना नेहमीच्या वेळी नाश्ता आणि गोळी द्या, पहाटेच्या मिस्साला नेऊ नका. यंत्र पर्समध्ये ठेवा, सोबत साखरेची पुडीही.